जॅझ आणि हिप-हॉप मिसळलेलं प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत लोकांना का आवडतं?

तुम्ही लिहिलंय की मित्राने फ्लाइंग लोटस या अमेरिकन संगीतकाराचा अल्बम पाठवला, तीन-चार गाणी ऐकली, ठेका सारखा चुकतोय असं वाटलं, आणि गाणं आता सुरू होईल म्हणेपर्यंत संपलं. यात लोकांना आवडतं काय, आणि ऐकायचंच असेल तर सुरुवात कुठून करायची, असा तुमचा प्रश्न आहे.

ठेका चुकतोय हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तो मुद्दाम चुकवलेला असतो, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर निम्म्याहून जास्त गंमत तिथेच आहे.

मी सोलापूरचा. संगीताची परीक्षा वगैरे काही दिलेली नाही. कॉलेजात असताना बेंजो पार्टीत पॅड वाजवायचो, लग्नाच्या वराती, हळदी, गणपती, जिथे सुपारी मिळेल तिथे. त्यामुळे ठेक्याबद्दल जरा जास्तच बोलेन, सांभाळून घ्या.

हिप-हॉपचे ठेके ज्या यंत्रावर बनायचे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे अकाई कंपनीचं एमपीसी. पहिलं एमपीसी ६० हे १९८८ चं, रॉजर लिन यांनी आखलेलं. वर १६ रबरी पॅड, बोटांनी वाजवायचे. कुठल्याही पॅडवर कुठलाही आवाज टाकता येतो: जुन्या रेकॉर्डमधला ड्रमचा एक ठोका, कुणाचा तरी हुंकार, पियानोचा अर्धा तुकडा. तुमचं बोट जरा उशिरा पडलं तर यंत्र तो ठोका ओढून जवळच्या नेमक्या जागेवर बसवतं. याला क्वांटाइझ म्हणतात. वरातीत पॅड वाजवणाऱ्याला हे वरदानच वाटावं, पण ऐकणाऱ्याला दहा मिनिटांत कंटाळा येतो, कारण माणूस तसा वाजवतच नाही. लिन यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी यंत्रात स्विंगची सोय ठेवली होती, म्हणजे दर दुसरा बारीक ठोका किंचित उशिरा पाडायचा. ठेका डुलायला लागतो, पण सगळा एकाच मापाने डुलतो.

डेट्रॉइटचा हिप-हॉपचे ठेके बनवणारा जे डिला, खरं नाव जेम्स यान्सी, त्याने ते एकच माप मोडलं. एकाच ठेक्यात हायहॅट (टिकटिकणारी झांज) सरळ चालू ठेवायचा, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) केसभर आधी आणायचा आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मागे रेंगाळू द्यायची. तिघांची घड्याळं वेगळी, तरी गाणं एक. त्याच्याकडे एमपीसी ३००० होतं (ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात ठेवलेलं आहे). हे मॉडेल एका मात्रेचे ९६ भाग करतं. लय मिनिटाला ९० मात्रांची धरली तर एक भाग होतो साधारण ७ मिलिसेकंदांचा. तीन-चार भाग इकडेतिकडे सरकवले की वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक पडतो. कानाला तो ‘उशीर’ म्हणून कळत नाही. शरीराला मात्र कळतो, आणि मान आपोआप वेगळ्या तऱ्हेने हलते.

हे आपल्याला नवीन नाही, असं माझं मत आहे. सोलापुरात गणपतीत लेझीम असते. पाहिली नसेल तर एकदा विसर्जनाला या. पुढे हलगी आणि ताशे, मागे लेझीम घेतलेल्या पोरांच्या लांबच लांब रांगा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तीस मीटर मागच्या रांगेला हलगीचा ठोका जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि ती पोरं त्या उशिरावर लेझीम मारतात. त्यांचा आवाज पुढे हलगीपाशी परत येईतो आणखी तेवढाच उशीर. नवी पेठेत रस्ता आवळला की दुकानांच्या भिंतींवरून पडसाद येतात ते वेगळेच. कागदावर हिशेब मांडला तर एवढ्या फरकाने ठेका विस्कटायलाच हवा. विस्कटत नाही. उलट कडेला उभं राहिलं की तो जाड, रुंद, लोटत येणारा ठोका छातीवर बसतो. तेच हलगी-लेझीम स्टुडिओत क्वांटाइझ करून गाण्यात टाकलेलं ऐका, सगळं नीटनेटकं असतं आणि अगदीच फिकं वाटतं.

आमच्या ग्रुपमधल्या हलगीवाल्या मित्राला मी डिलाचा एक ठेका ऐकवला होता. पहिल्यांदा म्हणाला, “का बे, हा पिऊन वाजवतोय का?” मी म्हटलं, थांब की जरा. मिनिटभर ऐकून म्हणाला, “डुलतंय लई, पण पडंना बे.” या संगीतावर इंग्रजीत बरंच वाचलंय मी, पण ‘डुलतंय पण पडंना’ याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

पुढची मजा अशी की डिलाच्या या यंत्रावरच्या डुलण्याची नक्कल नंतर हाडामांसाचे ड्रमर करायला लागले. रॉबर्ट ग्लास्पर या जॅझ पियानिस्टचा ‘ब्लॅक रेडिओ’, २०१२ चा, त्यावर क्रिस डेव्हचे ड्रम्स ऐका. माणूस यंत्रासारखं वाजवतोय, आणि ते यंत्र मुळात माणसासारखं वाजायचा प्रयत्न करत होतं.

आता जॅझ. ठेक्यावर सॅक्सोफोन पसरला की झालं जॅझ, असं समजणारे खूप आहेत आणि तसे अल्बमही ढीगभर आहेत. त्यात मला रस नाही. फ्लाइंग लोटसच्या बाबतीत जॅझ घरातूनच आलेलं आहे. याचं नाव स्टीव्हन एलिसन, जन्म १९८३ चा. ॲलिस कोल्ट्रेन ही त्याच्या आजीची बहीण. ती नावाजलेला जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची बायको, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वतः पियानो आणि हार्प वाजवणारी मोठी कलावंत. स्वामी सच्चिदानंदांच्या सहवासात आली, पुढे तुरीयसंगीतानंदा हे नाव घेतलं, कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि तिथे ऑर्गन आणि सिंथेसायझरवर भजनं केली. आपली नामसंकीर्तनं, पण त्यांना कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्याची ढब. एकदा जरूर ऐका. आपल्याकडच्या भजनी मंडळाला ते विचित्र वाटेल आणि तरी टाळी धरावीशी वाटेल. स्टीव्हन लहानपणी त्या आश्रमात जायचा.

हे माहीत झालं की २०१० चा ‘कॉस्मोग्रामा’ वेगळा ऐकू येतो. त्यात हार्प आहे, ॲलिसचा मुलगा रवी कोल्ट्रेन याचा सॅक्सोफोन आहे, थंडरकॅट या बेस गिटारवाल्याचा बेस, म्हणजे खालचे जाड सूर, आहे. आणि मधेच कानाला टोचणारे यंत्रांचे आवाज आहेत. २००८ मध्ये त्याची आई गेली. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलच्या खोलीतल्या उपकरणांचे आवाज त्याने रेकॉर्ड करून ठेवले होते, ते या अल्बममध्ये वापरलेत. हे वाचल्यावर मी ‘हे खरखर कशाला?’ असं विचारणं बंद केलं.

आपल्या कानाला खरी अडचण ठेक्याची येत नाही, स्वरांची येते. आपण भजन ऐका, लावणी ऐका, ख्याल ऐका, षड्ज एका जागी असतो. पेटीवाला किंवा तानपुरा तो धरून बसलेला असतो आणि गाणारा कुठेही फिरून आला तरी घर तिथेच सापडतं. या संगीतात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा जुडगा, बदलला की घरच बदलतं, आणि जॅझवाले ते अशा वेगाने बदलतात की कान बसतोय तोवर पुढचं. सम नाही, मुखडा नाही, धृपद नाही. त्यात गाणी चिमुकली. डिलाचा ‘डोनट्स’ हा अल्बम साधारण ४३ मिनिटांचा आणि त्यात ३१ तुकडे! फ्लाइंग लोटसचा २०१४ चा ‘यू आर डेड!’ चाळीस मिनिटांच्या आतला आणि त्यात १९. म्हणून तुम्हाला ते सुरू होण्याआधी संपल्यासारखं वाटलं. यावर उपाय एकच: एकेक गाणं म्हणून ऐकूच नका. मैफलीत आपण बंदिशी मोजत नाही, तसं सलग ऐका. आणि मुखडा शोधण्याऐवजी बेस धरा. थंडरकॅटसारखा बेसवाला असला की बाकी सगळं कोसळत असताना तो बरोबर सांगतो की आता आपण कुठे आहोत.

बेसवरून एक विचारतो, तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत का? ऐकलं असेल तर निम्मं संगीत तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही. या गाण्यांचा बेस ४०-६० हर्ट्झच्या आसपास फिरतो आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून एवढा खालचा आवाज जवळपास येतच नाही. उरते ती वरची टिकटिक, आणि नुसती टिकटिक ऐकली तर ठेका चुकलेलाच वाटणार. हे संगीत मोठ्या स्पीकरसमोर वाढलंय. लॉस एंजेलिसमध्ये २००६ ते २०१८ दर बुधवारी रात्री ‘लो एंड थिअरी’ नावाचा कार्यक्रम व्हायचा, तिथे फ्लाइंग लोटससारखी मंडळी नवे ठेके आणून पब्लिकसमोर वाजवून बघायची. ‘लो एंड’ म्हणजे खालचा आवाज, तो नावातच आहे.

तुम्ही म्हणाल, मोठ्या स्पीकरचं कौतुक आम्हाला सांगू नका, आमच्याकडे डॉल्बीच्या भिंती आहेत. आहेत खऱ्या. पण मिरवणुकीतल्या डॉल्बीत सगळं एकाच पातळीवर दाबलेलं असतं. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तेवढाच आवाज, खिडक्यांची तावदानं हलतात आणि ठेका मात्र जागचा हलत नाही. फ्लाइंग लोटसकडे किक पडली की बाकीचे सगळे आवाज क्षणभर खाली बसतात आणि मग वर येतात. हे साइडचेन नावाचं साधं तंत्र आहे, कितीतरी जण वापरतात, पण त्याच्या हातात अख्खं गाणं श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. जोराचा आवाज हवा असेल तर आधी जागा रिकामी करावी लागते. हे आमच्या चौकातल्या डीजेला कोण सांगणार!

बरं, हे काही कालपरवाचं फॅड नाही. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९७२ मध्ये फंक या नाचऱ्या संगीताच्या ठेक्यावर बादल रॉय यांचा तबला आणि शिवाय सितार घालून ‘ऑन द कॉर्नर’ केला, तेव्हा जॅझवाल्यांनी शिव्या घातल्या. जॅझ पियानिस्ट हर्बी हॅन्कॉकने १९८३ मध्ये ‘रॉकिट’मध्ये डीजेचं स्क्रॅचिंग, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे घासून काढलेला आवाज, आणलं, आणि तोच हर्बी ‘यू आर डेड!’वर कीबोर्ड वाजवायला हजर आहे. आपल्याकडे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलंड कंपनीची ८०८ (ठेक्याचं) आणि ३०३ (बेसचं) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यावेळी कुणी ढुंकून पाहिलं नाही, २०१० मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला तेव्हा युरोपातले लोक चाट पडले. त्यात जॅझ नाही, हिप-हॉपही नाही, पण यंत्राला आपल्या पद्धतीने वाकवायची खोड तीच.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. यूट्यूबवर ‘अभ्यासाला लो-फाय बीट्स’ म्हणून चोवीस तास चालू असतं, ते याच घराण्याचं म्हणून सांगतात. डिलाचं डुलणं घेतलं, जॅझचे दोन गोड कॉर्ड घेतले, वरून जुन्या तबकडीची खरखर भुरभुरली. ऐकायला वाईट नाही, पण त्यात कुणी काही पणाला लावलेलं नसतं. ते ऐकून या संगीताबद्दल मत बनवू नका, चांगलं किंवा वाईट.

सुरुवात अशी करा. हेडफोन घ्या, साधे वायरचे चालतील. पहिल्यांदा फ्लाइंग लोटसचं ‘नेव्हर कॅच मी’ लावा. केंड्रिक लामारचं रॅप असल्यामुळे धरायला शब्द मिळतात, ते संपल्यावर थंडरकॅटचा बेस जो सुटतो तिथे जॅझ म्हणजे काय ते कळतं. व्हिडिओसुद्धा बघा. दोन लहान मुलं स्वतःच्याच अंत्यविधीत शवपेटीबाहेर येऊन नाचत पळून जातात, ते बघताना रडावं की हसावं कळत नाही. मग केंड्रिकचाच ‘टू पिंप अ बटरफ्लाय’, २०१५ चा, तिथे हीच वादक मंडळी भेटतील. ‘कॉस्मोग्रामा’ त्यानंतर. मित्राने तुम्हाला थेट तोच पाठवला असावा असा माझा अंदाज आहे. सॅक्सोफोनवादक कामासी वॉशिंग्टनचा ‘द एपिक’ जवळपास तीन तासांचा आहे, तो हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना ऐका, गाडी पोचायच्या आत संपतो.

आणि ‘डोनट्स’. डिला रक्ताच्या आजाराने खंगला होता, त्या काळातला हा अल्बम. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी तो आला आणि तीन दिवसांनी डिला गेला. यातल्या पहिल्या तुकड्याला त्याने ‘आउट्रो’ म्हटलंय (म्हणजे समारोप) आणि शेवटच्याला ‘वेलकम टू द शो’, आणि शेवटचा संपतो तो बरोबर पहिल्यात जाऊन मिळतो. त्यामुळे शफल बंद ठेवा आणि रिपीट चालू.