भोवरा, डबी आणि कांदेपोहे

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

परवा निघताना जिन्यात हेल्मेट अडकवता अडकवता तू जे विचारून गेलास, त्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. ‘काका, विरळ केस झाकायला डोक्याला फायबर लावून मुलगी बघायला गेलो तर ती फसवणूक होते का?’ आणि त्यालाच जोडून, ‘लावायचंच तर भरपूर लावू का, म्हणजे कुठे दिसायला नको?’ पहिला प्रश्न तुला अवघड वाटतो, दुसरा किरकोळ. मला उलटं वाटतं. दुसरा नीट सुटला की पहिल्यातला निम्मा आपोआप सुटतो. म्हणून आधी दुसरा. कमी लाव.

माणसाची किंमत केसांवर नसते वगैरे मी लिहिणार नाही. ते तुलाही कळतं, आणि ते कळून ऑफिसच्या लिफ्टमधल्या दिव्याखाली चमकणारा डोक्यावरचा भोवरा झाकला जात नाही.

तो का चमकतो, हे समजून घे. केस काळे, कातडी उजळ, आणि उजेड थेट वरून. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. समोरून प्रकाश असेपर्यंत नट पंचविशीतला, वरचा दिवा लागला की चाळिशी ओलांडलेला. तेव्हा आम्ही भोवऱ्यावर तपकिरी पॅनकेकचा, म्हणजे रंगभूषेच्या लेपाचा, हात द्यायचो, तोही केसांना नाही, केसांच्या मधल्या कातडीला. ती जरा काळवंडली की पहिल्या रांगेतल्या माणसालाही काही दिसायचं नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेला येणारी कॉलेजची पोरं मात्र सरळ काळा रंग थापायची, आणि पडदा वर जाताच डोक्यावर बुटाचं पॉलिश फासल्यासारखं दिसायचं.

तुझ्या डबीतलं फायबर म्हणजे केराटिनचे, केस-नखं ज्याची बनतात त्याच प्रथिनाचे, बारीक तंतू, बहुधा मेंढीच्या लोकरीतून काढलेले. काहींत कापूसही असतो. स्थिर विजेमुळे ते असलेल्या केसाला चिकटतात. असलेल्या केसाला, हे दोनदा वाच. कपाळाच्या कोपऱ्यात तुझे केस गेलेतच, तिथे ते नुसते कातडीवर पडून राहतील आणि भुवईवर उतरतील. ते कोपरे सोडून दे. पुरुषाचं कपाळ तिशीत थोडं मागे सरकलेलं कुणाला खटकत नाही. तिथे आखल्यासारखी सरळ रेघ दिसली तर मात्र सगळ्यांची नजर तिथेच जाते. फक्त भोवरा आणि त्याच्या पुढचा विरळ पट्टा. केस धुऊन खडखडीत कोरडे, तेलाचा थेंब नको. डबी हलक्या हाताने भुरभुरवायची, तळव्याने थोपटायचं आणि हात आखडायचा. आरशात तुला वाटेल की अजून थोडं हवं. तिथेच थांब! ते ‘अजून थोडं’ हेच पकडून देतं. आणि काळी डबी टाकून दे. उन्हात आपल्यातल्या बहुतेकांचे केस मुळाशी गडद तपकिरी दिसतात. छटा मुळावरून ठरवायची, टोकावरून नाही.

सध्या पावसाळा आहे, आणि तू पथकात ढोल वाजवतोस. फायबर रिमझिम सोसतं, वरून स्प्रे मारला तर जरा जास्त. पण नदीपात्रातल्या सरावाचा घाम सोसत नाही. मानेवरून ओघळ येतो आणि पांढऱ्या झब्ब्याची कॉलर तपकिरी होते. सरावाला काहीही लावू नकोस, पथकातली पोरं काय म्हणतील ते म्हणू देत. रोजच्या हेल्मेटखालीही नको, अर्धं फायबर अस्तरालाच लागतं, पोचल्यावर लाव. घामाचाच दिवस असेल तर स्पंजने दाबून बसवायची पावडर बरी टिकते. टाळूवर ठिपके गोंदवून घेण्याचं जे निघालंय, त्याबद्दल मला विचारू नकोस. ते कमी करता येत नाही, माझ्या लेखी विषय संपला.

आता डॉक्टरांचं. डबी आणि औषध यात एकाची निवड करायची असते असं तू धरून चाललायस, तसं काही नाही. मोठ्या तापातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी सगळं डोकं गळायला लागतं, ते बहुधा भरून येतं. चाई पडते तिचा गोल चट्टा वेगळाच. तुझं कपाळाचे कोपरे आणि भोवरा आहे, म्हणजे घराण्यातून आलेलं; डीएचटी या हार्मोनमुळे तिथली मुळं दर खेपेला आधीपेक्षा बारीक केस काढत जातात. तरी हे मी सांगून चालणार नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. डबी उघडल्यापासून तू आरशात भोवरा बघायचंच सोडलंयस, आणि तेवढ्यात वर्ष निघून जातं. मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध दिलं तर चार-सहा महिने धीर धर. ते लावून पूर्ण वाळू दे, मगच फायबर. आणि त्या दुसऱ्या औषधाबद्दल, फिनास्टेराइडच्या गोळीबद्दल, न लाजता विचार. काही थोड्या जणांना तिचा त्रास लैंगिक बाबतीत होतो, आणि तू लग्न करायला निघाला आहेस.

आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा ते टाळूला लावायचं सुचलं. अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली आणि फिनास्टेराइडला १९९७ मध्ये. तोवर माझ्या डोक्याचा निकाल लागला होता. केस गेले म्हणून नायकाच्या भूमिका गेल्या आणि म्हणून मी रंगपेटी उचलली, असं आमच्या संस्थेतले जुने लोक अजून म्हणतात. तसं नाही. भूमिका गेल्या हे खरं. टोप घालून करता आल्या असत्या, दिग्दर्शकाची तयारीही होती. पण तो टोप इतका दाट होता की मला प्रत्येक वाक्याला तोच ऐकू येतोय असं वाटायचं. मी नाही म्हटलं. थोडा विरळ टोप कुणी करून दिला असता तर, असं अधूनमधून मनात येतं. पण रंगभूषा मला आवडत होती, म्हणूनच मी तिच्याकडे गेलो. हे तुला कशाला सांगतोय कोण जाणे.

आजही लग्नाकार्याला जाताना मी भोवऱ्यावर तपकिरी आयशॅडोचा ब्रश फिरवतो. खरं तर तुझी काकूच फिरवते, मागचं मला दिसत नाही. सोसायटीत एकाने विचारलं, या वयात कशाला? मी म्हटलं, तुम्ही इस्त्रीचा शर्ट कशाला घालता?

उरली फसवणूक. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी त्यांना स्त्रीभूमिकेत बघायला लोक गर्दी करायचे. कुणाला फसल्यासारखं वाटलं नाही. तू म्हणशील, कांदेपोह्यांना समोरचीला ठाऊक नसतं. बरोबर. म्हणूनच कमी लाव. तीही भुवया कोरून, पावडर लावून येणार आहे, आणि त्याचा तुला राग येणार नाही. इतकंच लाव, की कर्वे रोडवर अचानक सर आली आणि सगळं वाहून गेलं, तर ती म्हणेल ‘भिजलास की’, आणि ‘हा कोण?’ असं तिला वाटणार नाही. एवढं कमी असलं की दुसऱ्या भेटीत सांगणंही सोपं जातं. ते मात्र तूच सांगायचंस, आईकडून निरोप नको. थापून गेलास तर मग दर पावसात, दर उशीवर तेच सांभाळत बसशील, आणि सांगायचा दिवस पुढे पुढे ढकलशील.

गुरुवारी संध्याकाळी ये. आदल्या रात्री डोकं धू, जेल नको. डबी आणू नकोस, माझ्याकडे तपकिरी आहे. आणि येण्याआधी बायोडेटावरचा तो फोटो बदल. त्यात तुझे केस माझ्या त्या टोपापेक्षा दाट आहेत.

तुझा,
काका