पंचनाम्यात जे राहून जातं

अपघातांची तपशीलवार माहिती देशोदेशींच्या संशोधकांनी एकमेकांना द्यावी, असं मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर आलेले काही प्रश्न घेतो.

पोलिसांकडे प्रत्येक अपघाताची नोंद असतेच. मग ही वेगळी माहिती कशाला? (एक वाचक, वाडी)

पोलिसांना गुन्हा कोणाचा हे ठरवायचं असतं. म्हणून फिर्यादीत ‘भरधाव वेगाने, हयगयीने’ हे ठरलेलं वाक्य येतं आणि तपास चालकाच्या नावापाशी थांबतो. संशोधकाचे प्रश्न निराळे. ब्रेकची खूण किती मीटर? पत्रा किती आत दबला? हेल्मेटचा पट्टा लावला होता का? डोकं नेमकं कशावर आपटलं? खूण आणि दबलेला पत्रा यांवरून धडकेच्या वेळच्या वेगाचा हिशेब मांडता येतो. जर्मनीत हॅनोव्हर आणि ड्रेस्डेन परिसरात १९९९पासून पथकं थेट जागेवर जाऊन वर्षाला सुमारे दोन हजार अपघात असे मोजतात.

दुखापतीचंही तसंच. संशोधनात तिला १ ते ६ अशी श्रेणी देतात. आपल्या कायद्यात हाड मोडलं की दुखापत गंभीर. मग ते करंगळीचं असो की मांडीचं! २०२१पासून अपघातांच्या नोंदीसाठीच्या ‘आयरॅड’ या सरकारी ॲपवर पोलीस जागेचं ठिकाण आणि फोटो भरतात, महाराष्ट्र त्यातल्या पहिल्या सहा राज्यांत होता. चांगलंच झालं, पण तेवढ्यावरून धडकेचा वेग निघत नाही.

जर्मनीतल्या अपघातांचा आमच्या ट्रिपल सीटशी काय संबंध, भाऊ? (एक वाचक, सक्करदरा)

थेट संबंध कमीच. भारतात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत दुचाकीवरची सुमारे ४५ टक्के. जर्मनीचं चित्र असं नाही. पण म्हणूनच आपले अपघात तिकडे पोहोचायला हवेत. युरोपातल्या मोटार उत्पादकांच्या पुढाकाराने २०१०मध्ये ‘इग्लॅड’ हा उपक्रम सुरू झाला. प्रत्येक देशाने आपले काही अपघात एकाच तक्त्यात बसवून द्यायचे, बदल्यात सगळ्यांचे घ्यायचे. भारतातूनही अपघात त्यात गेले आहेत. आपोआप लागणाऱ्या ब्रेकने समोर काय ओळखावं, हे ठरवताना अशाच नोंदी पाहतात. संत्र्यांचे कॅरेट लादून उलट्या दिशेने येणारी दुचाकी तक्त्यातच नसेल, तर गाडीतल्या कॅमेऱ्याला ती ओळखायला कोण शिकवणार?

तक्ता एक असणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. साधा ‘मृत्यू’ घ्या. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत गेला तर तो अपघाती मृत्यू, ही जगात रूढ व्याख्या. भंडारा-गडचिरोलीचा जखमी नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, बाराव्या दिवशी गेला, तर मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) नागपुरात दाखल होतो आणि कागद मूळ ठाण्याकडे जातात. ते वेळेवर पोहोचले नाहीत, तर तिथल्या नोंदीत तो माणूस ‘गंभीर जखमी’च राहतो.

माझ्या दिराचा अपघात झाला होता. त्यांचं नाव परदेशात जाईल का? (एक वाचक, मानकापूर)

नाही, ताई. नाव, पत्ता, गाडीचा नंबर काढूनच माहिती दिली जाते. तरी माझी एक शंका आहे: लहान गावातला अपघात, तारीख आणि वय एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. अचूक तारीख न देता महिना द्यावा, या मताचा मी आहे.

आम्हा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना असा डेटा कुठे मिळेल? (एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

इग्लॅडचा फुकट मिळत नाही. अमेरिकेच्या सरकारी ‘फार्स’ संचात १९७५पासूनचा प्रत्येक जीवघेणा अपघात आहे, तो कोणालाही उतरवून घेता येतो. आधी त्यावर हात बसवा. आणि घराजवळचंही बघा: २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात नागपूर महापालिकेच्या बसगाड्यांना चालकाला इशारा देणारी यंत्रं बसवली. ते इशारे कुठे वारंवार वाजतात यावरून अपघात होण्याआधीच धोक्याची जागा कळते. याउलट, राष्ट्रीय महामार्गावर एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातांची धोकादायक जागा, ठरायला तीन वर्षांत सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात, नाहीतर दहा मृत्यू व्हावे लागतात. प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर या इशाऱ्यांपासून सुरुवात करा.