रुईचे विष पचवणारी अळी

प्रश्न : शनिवारी मारुतीला वाहायच्या माळेसाठी आम्ही गोदाकाठची रुईची पाने आणतो. त्या पानांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पिवळे ठिपके असलेल्या अळ्या दिसतात. गुरेसुद्धा तोंड लावत नाहीत अशा या झाडावर त्या कशा जगतात? त्यांना मारावे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : कृपया मारू नका. अळीच्या पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतील, तर ती ‘प्लेन टायगर’ या केशरी फुलपाखराची अळी आहे आणि रुई व तिच्या जवळच्या वनस्पती हेच तिचे अन्न आहे.

रुईच्या चिकात कार्डिनोलाइड नावाची द्रव्ये असतात. प्राण्यांच्या पेशींतील सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणाऱ्या प्रथिनाला ती चिकटतात आणि त्याचे काम बंद पाडतात. त्यामुळे हृदय आणि मज्जातंतू बिघडतात. या फुलपाखराच्या वंशात मात्र त्या प्रथिनाच्या साखळीतील १२२व्या स्थानावरचे एक अमिनो आम्ल बदललेले असल्याने विषाची पकड सैल पडते. चिकाच्या चिकटपणावरही अळीकडे उपाय आहे : ती आधी देठ किंवा मधली शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते आणि मगच पान खाते.

इतकेच नव्हे, तर या विषाचा काही अंश ती अंगात साठवते व तो फुलपाखरातही उतरतो. एकदा कडू घास घेतलेला पक्षी पुढे केशरी रंगच टाळू लागतो. म्हणूनच ‘डनाइड एगफ्लाय’ या दुसऱ्या फुलपाखराच्या मादीने, स्वतः रुईला न शिवता, हुबेहूब हेच रूप घेतले आहे. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या डागांचा असतो. मला स्वतःला याहून विलक्षण वाटते ते प्लेन टायगरच्या नराचे वागणे. खुळखुळा नावाच्या रानझुडपाच्या सुकलेल्या भागांवर बसून तो त्यातील अल्कलॉइड ही विषारी द्रव्ये शोषतो आणि त्यांपासून मादीला रिझवणारा गंध तयार करतो. झाडाने शत्रूंना दूर ठेवण्यासाठी केलेले द्रव्य असे मीलनाच्या कामी येते.

माळेसाठी अळ्या नसलेली पाने निवडावीत आणि ती तोडल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण हा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते.