शिगमो हा शिमग्याचा अपभ्रंश? उलट आहे!

डिचोलीहून एका वाचकांनी विचारलंय : 'आमच्या मांडावरच्या (शिगमो खेळायच्या जागेवरच्या) फलकावर "शिगमो" लिहिलंय. मंडळातले एक गुरुजी म्हणतात, मराठी फलक आहे तर शुद्ध शब्द "शिमगा" लिहा, शिगमो हा त्याचा गोव्यातला अपभ्रंश. खरं का? आणि धाकटो नि व्हडलो शिगमो यांत फरक काय?'

हे 'शुद्ध शिमगा' प्रकरण दर फाल्गुनात कानावर येतं आणि दर फाल्गुनात माझं डोकं तापतं. होळी म्हणजे काय, बोंबा का मारतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देतो. शब्दाकडेच येऊ.

12व्या शतकात गुजरातेत बसून जैन आचार्य हेमचंद्रानं 'देशीनाममाला' रचली, म्हणजे संस्कृतात मूळ न सापडणाऱ्या 'देशी' प्राकृत शब्दांचा कोश. तीत फाल्गुनातल्या उत्सवाला शब्द दिलाय 'सुगिम्हअ'. आणि जुन्या काव्यशास्त्रकार भामहानं यालाच 'सुग्रीष्मक' म्हटलंय, असंही तोच सांगतो. (मग आचार्य, संस्कृत मूळ हाताशी असताना हा शब्द 'देशी'च्या यादीत कशाला घातलात? पण ते भांडण पुन्हा केव्हातरी.)

आता सुगिम्ह सावकाश म्हणून बघा. मराठी-कोकणीत 'इ'च्या आधी आलेला 'स' सहसा 'श' होतो, जसं संस्कृत सीव्यतिचं शिवणे झालं. 'सु'मधला उकार पुढच्या 'गि'च्या ओढीनं इकार झाला की सिगिम्ह, शिगिम्ह, शिग्म. शेवटी कोकणीचा पुल्लिंगी 'ओ', घोडो-आंबोसारखा. झाला शिगमो! सगळी अक्षरं मूळच्या रांगेत उभी: आधी ग, मग म. रांग मोडली ती घाटावर. तिथं ग आणि म यांची अदलाबदल होऊन शिमगा झाला, नुकसानचं नुसकान होतं किंवा चिकटणेचं चिटकणे, तसाच. म्हणजे अपभ्रंशच म्हणायचं तर शिमग्याला म्हणा. मी म्हणणार नाही. नऊशे वर्षांनंतर कुठल्या शब्दाला शुद्ध-अशुद्ध ठरवणार?

काहीजण लगेच मोल्सवर्थचा 1831 चा मराठी-इंग्रजी कोश उघडून दाखवतात, 'बघा, शिमगा!' असेल की. कोशात नोंद आहे म्हणजे शब्द तेव्हा वापरात होता, एवढंच ठरतं. जन्मतारीख ठरत नाही.

दुसरे विद्वान म्हणतात, रोमटामेळ (शिगमोतली मिरवणूक) गावची शीम, म्हणजे शीव, गाठतो म्हणून शिमगा. बरं, मग 'गा' कुठून आला? आणि शिगमोत तीच शीम मधोमध चिरून आत 'ग' कुणी घातला? तिसरे कारवारकडच्या सुग्गीकडे बोट दाखवतात. सुग्गी हा होळीच्याच दिवसांतला सुंदर सण आहे, मान्य. पण सुग्गीतून 'म' काढून दाखवा, मग बोलू.

मला यातला खरा आनंद वेगळाच आहे. गिम्ह म्हणजे ग्रीष्म, आणि गोव्यात उन्हाळ्याला आजही 'गीम' म्हणतात! 'गीम आयलो' म्हणणाऱ्या म्हातारीच्या तोंडी तो प्राकृत शब्द अजून जिवंत आहे आणि शिगमो म्हणताना ती तो नकळत दुसऱ्यांदा उच्चारते. घाटावर उन्हाळा आला, गीम बुजला, म्हणून तिथं अक्षरं इकडची तिकडे झाली तरी कुणाला खटकलं नाही. गोव्यात शेजारी गीम उभा होता, त्यानं शब्दाला धरून ठेवलं. हे माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

आणि 'सु' का? ग्रीष्म आणि चांगला? मराठीत म्हणतातच, होळी जळाली, थंडी पळाली. वैशाखातली काहिली अजून दूर असते. गोव्यातल्या सत्तरीत काजूची बोंडं पिकायला लागलेली असतात, पहिली हुर्राक (काजूची दारू) उतरते, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, रात्री मांडावर ढोल-ताशा आणि कांसाळ्यांच्या (झांजांच्या) तालावर 'ओस्सय ओस्सय' चालू असतं. सुग्रीष्म तो हाच.

'शिगमोत्सव'बद्दलही कुणीतरी नाक मुरडणार, म्हणून आधीच सांगतो. शिमगा अधिक उत्सव, आ आणि उ मिळून ओ, शिमगोत्सव. संधी चोख. पण शिगमो अधिक उत्सव संस्कृतच्या नियमानं 'शिगमवुत्सव' होईल, तो चित्ररथावर लिहून बघा! त्यातून शिगमो म्हणजेच उत्सव, त्याला पुन्हा उत्सवाची शेपटी कशाला?

अरे हो, धाकटो-व्हडलो राहिलंच. धाकटो पौर्णिमेच्या आधी काही दिवस सुरू होऊन पौर्णिमेला आटपतो, व्हडलो पौर्णिमेला सुरू होऊन पुढे चालतो. कुठल्या गावात कुठला, हे गावच्या रिवाजावर. घोडेमोडणी (शिगमोतला घोड्यांचा नाच) बघायची तर तुमची डिचोलीच आहे, मला काय विचारता!

फलक पुसू नका. गुरुजींना फारच वाईट वाटलं, तर खाली बारीक अक्षरांत 'सुगिम्हअ' लिहा.