‘कम्युनिटी कॉलेजला गेला’ हे सांगायचं कसं?

मार्चच्या अखेरीपर्यंत कॅलिफोर्नियातल्या यूसीचे, म्हणजे राज्याच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’च्या वेगवेगळ्या कॅम्पसचे, प्रवेशाचे निकाल लागतात आणि एप्रिल उजाडला की मला एक प्रश्न हमखास येतो: ‘मुलाला हवं ते यूसी मिळालं नाही. कम्युनिटी कॉलेजला घातलं तर त्याचं वाटोळं तर होणार नाही ना?’ (कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं जिथे करता येतात ते सरकारी कॉलेज.) विचारणारी बहुतेक वेळा आई असते. मुलगा घरातच असतो, म्हणून ती हळू आवाजात बोलते. मुलांना हे सगळं ऐकू जातं, हे मी तिला आधीच सांगून ठेवते.

यातलंच सनीव्हेलचं एक कुटुंब. मुलाला ईशान म्हणू; ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही बदलले आहेत. मुलगा समजूतदार आणि वाचणारा. पण अकरावीत घरात आजारपण आलं, दोन विषयांत सी ग्रेड पडले आणि डेव्हिस, आर्वाइन, सॅन डिएगो या यूसीच्या तिन्ही कॅम्पसकडून नकार आला. दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी कॉलेजने प्रवेश दिला होता. खर्च वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या घरात. बाबा घरावर कर्ज काढायला निघाले होते. आई म्हणाली, “ताई, पुण्याला सासूबाई विचारतील, नातू कुठल्या कॉलेजात? काय सांगू?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे मुलांचा प्रवेश ही साऱ्या घराची बातमी असते. म्हणून आधी त्याचंच उत्तर दिलं, जवळच्या कम्युनिटी कॉलेजचं नाव घेऊन: “सांगा, डी आन्झा कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकतोय, दोन वर्षांनी यूसीत जाईल.” त्यावर त्यांचा लगेच पुढचा प्रश्न: “पण डिग्रीवर कम्युनिटी कॉलेजचं नाव येईल ना?” नाही येत. पदवी विद्यापीठाची आणि तिच्यावर नावही विद्यापीठाचंच. पहिली दोन वर्षं कुठे काढली, याचा त्या कागदावर उल्लेखसुद्धा नसतो. अ‍ॅपलचा स्टीव्ह वॉझ्नियाकही डी आन्झात शिकून मग बर्कलीला गेला होता.

ही मागच्या दाराची सोयही नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, त्यातच ही वाट आखलेली आहे: यूसी, राज्याची सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) विद्यापीठं, आणि सगळ्यांना प्रवेश देणारी कम्युनिटी कॉलेजं, जिथून पुढे विद्यापीठात जाता यावं. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांमागे (फ्रेशमन) एक ट्रान्सफर विद्यार्थी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणारा, घ्यायचा, असं यूसीचं धोरण आहे आणि त्यात पहिला मान याच कॉलेजांतल्या मुलांना. पैशांचं म्हणाल तर राज्यातल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचं श्रेयांक) ४६ डॉलर पडतात, म्हणजे वर्षाच्या ३० युनिटना १,३८० डॉलर. यूसीत राहून शिकायचं तर राहण्या-खाण्यासकट वर्षाचा आकडा चाळीस हजारांच्या वर जातो.

बाबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी स्वतः कराडला डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलो. वर्गात आम्हाला ‘डिप्लोमावाले’ म्हणायचे. माझ्या मुलाला तसं कुणी म्हणू नये, एवढंच.” कर्ज काढण्यामागे काय होतं ते तेव्हा कळलं. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला ही वाट माहीत आहे, तर ईशानला तुमच्याइतकं दुसरं कोण सांगणार? फरक फक्त एक. आपल्याकडे डिप्लोमानंतर कॅप राउंड असतो, गुणवत्ता यादी लागते, जागा ठरते. इथे कुठल्या कॅम्पसला कुठले विषय चालतात, याची जुळवाजुळव विद्यार्थ्याने स्वतः करायची असते, आणि ती पहिल्याच टर्ममध्ये सुरू करावी लागते.

माझं खरं म्हणणं हेच आहे. कम्युनिटी कॉलेजची भीती चुकीच्या जागी धरली जाते. कॉलेज हलकं म्हणून मुलं मागे राहत नाहीत. ट्रान्सफर व्हायचं ठरवून आलेल्यांतली बरीच मुलं तिथवर पोचतच नाहीत, हे मात्र खरं आहे आणि मी ते पालकांपासून लपवत नाही. कुणी ‘आधी जनरल विषय करू, मग बघू’ म्हणत दोन वर्षं काढतं, कुणाचं नोकरीचे तास वाढता वाढता कॉलेज सुटतं, कुणाला कॅल्क्युलसची धास्ती असते आणि तो विषय पुढे ढकलला जातो.

ईशानला पुढच्या वेळी एकट्याला बोलावलं. असिस्ट नावाची राज्याची वेबसाइट उघडली. कॉलेज निवडलं, विद्यापीठ निवडलं, विषय निवडला. समोर दोन रकाने आले. डावीकडे डेव्हिसला इकॉनॉमिक्ससाठी काय लागतं, उजवीकडे त्याच्या जागी डी आन्झातला कुठला कोर्स धरला जातो: मायक्रो, मॅक्रो, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स. मग तेच सांता बार्बरासाठी, तेच लॉस एंजेलिससाठी. कागद छापून शेजारी शेजारी ठेवले आणि तिन्हींकडे लागणाऱ्या कोर्सांना त्याने हिरवी खूण केली. कॅल्क्युलसवर खूण करताना त्याचा हात थांबला. “हे दुसऱ्या वर्षी घेतलं तर?” मी म्हटलं, बाळा, हे साखळीचे कोर्स आहेत, पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, शरद ऋतूत सुरू केलंस तर वेळेत संपेल. नव्या मुलांना नोंदणीची तारीख उशिराची मिळते, त्यामुळे कॅल्क्युलसचा वर्ग भरून गेला होता. वेटलिस्टवर नाव घालून तो पहिल्या दिवसापासून जाऊन बसला आणि जागा मिळाली.

टॅगबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गैरसमज याच्यात फार. टॅग म्हणजे ट्रान्सफर प्रवेशाची हमी. डेव्हिस, आर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पसचा टॅग घेता येतो, तो भरायचा सप्टेंबरमध्ये, आणि नेहमीचा यूसी अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याशिवाय करावाच लागतो. टॅग भरला, अर्ज विसरला, तर हमी गेली. त्या अर्जात इतर कॅम्पसही घेता येतात. लागणारा जीपीए (ग्रेडची सरासरी) कॅम्पस आणि विषयाप्रमाणे बदलतो. कम्प्युटर सायन्ससारख्या विषयांना बऱ्याच ठिकाणी टॅग चालत नाही, हे आधी पाहा, नंतर रडू नका. विद्यापीठात जाण्यापूर्वी वसंत टर्मअखेर सेमिस्टरची (वर्षाच्या दोन टर्म) ६० किंवा क्वार्टरची (त्याहून छोट्या टर्म) ९० युनिटं पूर्ण हवीत. हमी मिळाल्यावर एखादा कोर्स सोडला किंवा त्यात नापास झालात, तर ती मोडते.

पालकांना सर्वांत जड गेलं ते वेगळंच. आईला मुलाच्या पोर्टलचा पासवर्ड हवा होता. कॉलेजात गेल्यावर मुलाच्या नोंदींवर कायद्याने त्याचाच हक्क असतो. त्याच्या परवानगीशिवाय कॉलेज पालकांना मार्क सांगत नाही. पासवर्ड त्याच्याकडेच राहू द्या, असं मी सांगितलं. त्याऐवजी दर रविवारी जेवताना त्याने आठवड्याचं सांगायचं आणि बाबांनी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं. पहिल्या क्वार्टरला तो एकटा पडला होता. शाळेतले सगळे मित्र डॉर्ममध्ये, त्यांचे फोटो रोज दिसायचे. हे नुकसान खरं आहे आणि ते पैशांत मोजून भरून निघत नाही. त्यावर माझ्याकडे एकच उपाय होता: कॅम्पसवर तास काढ, तास संपला की गाडीत बसून घरी पळू नकोस. इकॉनॉमिक्सच्या ट्यूटरिंगला तो आधी शिकायला गेला आणि पुढच्या वर्षी तिथेच शिकवायला लागला.

लॉस एंजेलिसने नाकारलं, डेव्हिसचं टॅगमुळे पक्कं झालं. तिथे पहिल्या क्वार्टरला मार्क घसरले. ट्रान्सफर झालेल्या पुष्कळ मुलांचं असं होतं आणि बहुतेकांचं पुढे सावरतं. डी आन्झा आणि डेव्हिस दोन्हीकडे क्वार्टर पद्धत असल्यामुळे निदान क्वार्टरचा वेग त्याला नवा नव्हता.

एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी नोकरीवर आलेल्या पालकांबरोबर अवलंबित म्हणून आलेल्या मुलांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगते. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ राहत नाही, आणि ती वेळ नेमकी ट्रान्सफरच्या आसपास येते. व्हिसा बदलला की रहिवाशाची फीसुद्धा हातची जाऊ शकते. कॉलेजच्या पहिल्या वर्षीच इमिग्रेशनच्या वकिलाला आणि कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला विचारा.

ईशानची धाकटी बहीण आता बारावीत आहे. यूसीचे अर्ज भरायला बसलो, तेव्हा आईच म्हणाली, कम्युनिटी कॉलेजचा फॉर्मही भरून ठेवू. त्या फॉर्मला फी नसते आणि हायस्कूल पूर्ण केलेल्या कुणालाही तिथे नकार मिळत नाही. भरायचा तर लवकर भरा, म्हणजे नोंदणीची तारीख त्यातल्या त्यात आधीची मिळते.