शेंदेलोण, सैंधव आणि सिंधूचे दोन अर्थ

प्रश्न असा आहे: आजीच्या तोंडचं ‘शेंदेलोण’ आणि वाण्याकडचं ‘सैंधव’ एकच का? आणि संस्कृतात ‘सिंधु’ म्हणजे समुद्रही होतो, तर मग हे नाव खाणीतल्या मिठाला कसं?

पहिल्याचं उत्तर सोपं. एकच. सैंधव + लवण याचं बोलीत घासून झालेलं रूप म्हणजे शेंदेलोण. मराठीत इ-ए या स्वरांआधीचा ‘स’ पुष्कळदा ‘श’ होतो (सिंदूरचा शेंदूर, सीव् धातूचं शिवणं), आणि संधीची ‘सांद’ होताना ‘ध’चा ‘द’ झाला तसाच इथेही झाला. ‘लोण’ तर लोणच्यात रोज भेटतो. हिंदीने मात्र ‘सेंधा’मध्ये ‘ध’ राखला. शेंदरी रंगाचं म्हणून शेंदेलोण, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण खरी नाही.

दुसरा प्रश्न मला फार आवडला. मनूचा तो मानव, तसं सिंधूचं ते सैंधव. पण कुठल्या सिंधूचं? आयुर्वेदात सैंधव आणि सामुद्र ही दोन वेगळी लवणं मोजली आहेत. सैंधव म्हणजे समुद्राचं असतं, तर ‘सामुद्र’ वेगळं सांगायची गरजच नव्हती. तेव्हा इथे सिंधु म्हणजे नदी आणि तिच्या काठचा मुलूख. आज पाकिस्तानच्या पंजाबात असलेली खेवड्याची खाण याच मुलखात, सिंधू आणि झेलम यांच्या मधल्या मिठाच्या डोंगररांगेत आहे.

आता गंमत बघा. आयुर्वेदाच्या यादीने समुद्र नाकारला, पण भूगर्भाने तो परत आणला! खेवड्याचं मीठ सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचं आहे. रीत आपल्या मिठागरासारखीच: पाणी आत यायचं, कोंडायचं, उन्हाने आटायचं. आधी चुनखडीसारखे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर आलं की मीठ. एका आटण्याने फार काही साठत नाही. किलोमीटरभर खोल समुद्र पूर्ण आटला तरी मिठाचा थर जेमतेम १५ मीटरच्या आसपास भरेल. म्हणजे शेकडो मीटरचा थर साचायचा तर समुद्राने पुन्हा पुन्हा आत येऊन आटायला हवं. त्यावर गाळ बसला, खडक चढले आणि मीठ आत बंद झालं. हिमालय पुष्कळ नंतरचा. त्याच्या रेट्याने वरचे खडक या निसरड्या मिठावरून दक्षिणेकडे सरकले आणि ती रांग उभी राहिली. पाकिटावरचं ‘हिमालयन’ म्हणूनच मला खटकतं: हे मीठ हिमालयाहून कितीतरी जुनं आहे, आणि ‘सैंधव’ हे नाव त्याच्या मुलखाशी अधिक इमान राखतं.

घरात खडा असेल तर हलकेच फोडून पाहा. तुकडे सपाट पाठींचे, काटकोनी कडांचे निघतात. गुलाबी छटा लोहाच्या अंशाची. अशा खनिज मिठाच्या स्फटिकांत कधीकधी सूक्ष्म थेंबही अडकलेले सापडतात. त्या आटत्या पाण्याचेच.

उपवासाला समुद्राचं मीठ नको म्हणून सैंधव, असं काही घरांत सांगतात. चाल जरूर पाळावी, पण कारण तेवढं टिकत नाही: समुद्र दोन्हींत आहे, एक आजचा, एक फार जुना.

जाता जाता, सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडाही. संस्कृत शास्त्रकार ‘सैन्धवमानय’ हे वाक्य यासाठीच उदाहरणाला घेतात: जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, निघताना म्हटलं तर घोडा. आणि खेवड्याची दंतकथा अशी की तिथलं मीठ सापडलं, ते सिकंदराच्या सैन्यातले घोडे दगड चाटू लागले म्हणून.