मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलस: आकृती न काढल्यामुळे गेलेले मार्क

प्रश्न: दोन चलांच्या फंक्शनची (०, ०) पाशी लिमिट वाय = एमएक्स या सरळ रेषा घेऊन काढली. एम उडून गेला, उत्तर शून्य आलं. तरी गणित चूक दिलं आणि 'लिमिट अस्तित्वात नाही' असा शेरा मिळाला. असं कसं?

शेरा बरोबर आहे. सरळ रेषांवरून लिमिट नाकारता येते, सिद्ध करता येत नाही. दोन रेषांवर वेगळी उत्तरं आली तर गणित तिथेच संपलं. सगळ्या रेषांवर एकच उत्तर आलं तर मात्र अजून काहीच ठरलेलं नसतं.

तुमचं गणित बहुधा हे असावं: अंशात एक्स-वर्ग गुणिले वाय, छेदात एक्सचा चौथा घात अधिक वाय-वर्ग. सरळ रेषेवर हे शून्याकडेच जातं. आता वाय = एक्स-वर्ग या पॅराबोलावरून या. अंशात एक्सचा चौथा घात, छेदात त्याची दुप्पट. उगमबिंदूच्या कितीही जवळ गेलात तरी किंमत १/२ वरून हलत नाही. पॅराबोलाच का? छेदातली दोन्ही पदं एकाच घाताची होतील असा मार्ग शोधायचा, एवढीच युक्ती आहे.

छेदात एक्स-वर्ग अधिक वाय-वर्ग असता, तर लिमिट खरोखरच शून्य असती. एक्स-वर्ग छेदापेक्षा मोठा होऊ शकत नाही, म्हणून सगळ्या राशीचं निरपेक्ष मूल्य वायच्या निरपेक्ष मूल्याइतकं किंवा त्याहून कमी राहतं. ही एक ओळ म्हणजे पुरावा. पोलरमध्ये (उगमबिंदूपासूनचं अंतर आर आणि कोन थीटा घेऊन) जाऊनही चालतं, पण थीटा स्थिर धरून आर शून्याकडे नेऊ नका. थीटा स्थिर धरणं म्हणजे पुन्हा सरळ रेषेवरूनच येणं. थीटा काहीही असला तरी लागू पडेल अशी मर्यादा दाखवावी लागते.

प्रश्न: ग्रेडियंट सर्वांत तीव्र चढाच्या दिशेने असतो असं एका धड्यात, आणि पृष्ठभागाला लंब असतो असं दुसऱ्या धड्यात. नक्की काय?

ग्रेडियंट म्हणजे प्रत्येक चलाच्या आंशिक डेरिव्हेटिव्हांनी बनलेला बाण (व्हेक्टर). दोन्ही खरं, पण ते दोन वेगळ्या फंक्शनांचे ग्रेडियंट आहेत.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी समोच्च रेषांचा नकाशा पाहिलेला असतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर या रेषा साधारण २० मीटर उंचीच्या फरकाने काढतात. रेषा दाटल्या की समजायचं, इथे कडा आहे. ग्रेडियंट हा त्या कागदावर आडवा पडलेला बाण: समोच्च रेषेला काटकोनात आणि चढाच्या बाजूला. तो डोंगराच्या अंगावरून वर जात नाही, हवेतही उभा राहत नाही.

झेड = ९ − एक्स-वर्ग − वाय-वर्ग ही टेकडी घ्या. (१, २) या ठिकाणी ग्रेडियंट (−२, −४), म्हणजे शिखराकडे. लांबी २० चं वर्गमूळ, सुमारे ४.४७. आता सगळी पदं एका बाजूला आणून तीन चलांचं नवं फंक्शन करा: झेड + एक्स-वर्ग + वाय-वर्ग − ९. त्याचा ग्रेडियंट (१, २, ४) या बिंदूपाशी (२, ४, १) येतो. टेकडीचा पृष्ठभाग ही या नव्या फंक्शनची 'समोच्च' पातळी, म्हणून हा बाण पृष्ठभागाला लंब. स्पर्शप्रतल: २एक्स + ४वाय + झेड = १४.

जाता जाता: टेकडीवर (१, २) पाशी (३, ४) या दिशेचा डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह (त्या दिशेने जाताना चढ-उताराचा दर) विचारला तर आधी त्या बाणाच्या लांबीने, म्हणजे ५ ने भागा. उत्तर −४.४ येतं. भागायला विसरलात तर −२२ येईल, आणि या बिंदूपाशी कोणत्याही दिशेचा चढ-उतार ४.४७ पेक्षा जास्त असूच शकत नाही.

प्रश्न: बारावीचं कॅल्क्युलस कच्चं राहिलं आहे. किती मागे जाऊ?

चेन रूल, सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, आणि साइन-कोसाइनच्या घातांचं शून्य ते पाय बाय टू इंटिग्रेशन. साइनच्या चौथ्या घाताचं उत्तर ३पाय/१६ असं चटकन यायला हवं. शिवाय वर्तुळ, पॅराबोला, कार्डिऑइड न अडखळता काढता आले पाहिजेत. एवढं पुरे.

प्रश्न: डबल इंटिग्रेशनमध्ये क्रम बदलताना मर्यादा नेहमी चुकतात.

कारण मर्यादांची नुसती अदलाबदल केली जाते. हे उदाहरण बघा: वाय ० ते १, आत एक्स वायपासून १ पर्यंत, फंक्शन ई-चा एक्स-वर्ग घात. आधी एक्सने इंटिग्रेट करायला गेलात तर अडकलात. त्याचं उत्तर नेहमीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही.

पेन्सिल घ्या. एक्स = वाय ही तिरकी रेषा, एक्स = १ ही उभी, खाली एक्स-अक्ष. (०, ०), (१, ०), (१, १) असा त्रिकोण झाला. आधीची पट्टी आडवी होती. आता उभी पट्टी काढा. ती अक्षापासून निघते आणि तिरक्या रेषेला भिडते, म्हणजे वाय ० ते एक्स. पट्ट्या डावीकडून उजवीकडे ० ते १. आतलं इंटिग्रेशन एक्स गुणिले ई-चा एक्स-वर्ग घात देतं, आणि पुढे सब्स्टिट्यूशनने (ई − १)/२, सुमारे ०.८५९.

पडताळा: त्रिकोणाचं क्षेत्रफळ ०.५, फंक्शन १ ते २.७१८ मध्ये, म्हणून उत्तर ०.५ आणि १.३६ यांच्यात हवं. आणि बाहेरच्या मर्यादेत चल उरला असेल तर पुढे जाऊच नका, आकृतीकडे परत या.

प्रश्न: लॅग्रांजच्या पद्धतीने एक्स-वर्ग + २वाय-वर्ग याची वर्तुळावर (त्रिज्या १) कमाल किंमत १ आली. पुस्तकात २ आहे.

तुम्ही एक्सने भागलंत. समीकरणं अशी (फंक्शन आणि अट यांचे ग्रेडियंट समांतर, लॅम्डा हा त्यांचा गुणक): २एक्स = २लॅम्डा·एक्स, ४वाय = २लॅम्डा·वाय. पहिल्यातून एक्स उडवला की लॅम्डा १, मग वाय शून्य, किंमत १. पण ती किमान निघाली! एक्स = ० ही शक्यता भागाकारात गेली; तिथे वाय अधिक-उणे १ आणि किंमत २. म्हणून भागू नका, एक्स(१ − लॅम्डा) = ० असं लिहा आणि दोन्ही फाटे तपासा. शेवटी मिळालेल्या बिंदूंवरच्या किमतींची तुलना करायची. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची नेहमीची आरटी − एस-वर्ग कसोटी (आर, एस, टी ही दुसरी आंशिक डेरिव्हेटिव्ह) इथे लावायची नाही.

प्रश्न: स्फेरिकलमध्ये (केंद्रापासूनचं अंतर आर आणि दोन कोन घेऊन) गोलाचं घनफळ शून्य येतंय!

दोन्ही कोन ० ते २पाय घेतलेत. झेड-अक्षापासून मोजलेला कोन फक्त पायपर्यंत जातो. पुढे साइन ऋण होतो आणि सगळं खोडलं जातं. आपल्याकडच्या बहुतेक पुस्तकांत हा कोन थीटा असतो, अमेरिकी व्हिडिओंमध्ये बहुधा फाय. जॅकोबियनमध्ये (चल बदलताना इंटिग्रेशनमध्ये येणाऱ्या गुणकात) आर-वर्गाशेजारी ज्याचा साइन आहे, त्याची मर्यादा ० ते पाय.